कोल्हापूर प्रकरण : राजवाडा, वृत्तपत्र आणि न्यायालय

इ. स. १८८२ मधील ‘कोल्हापूर प्रकरण’ आपल्या वाचकांना बहुधा लोकमान्य टिळक व गोपाळ गणेश आगरकर यांच्या चरित्रांतील एक प्रकरण म्हणूनच परिचित असते. दोघा तरुण संपादकांचा पहिला कारावास, डोंगरीच्या तुरुंगातील सहवास आणि तेथून सुटताना मिळालेले लोकप्रेम असा त्याचा सर्वसाधारण आशय सांगितला जातो. चरित्रकाराच्या दृष्टीने हे योग्यच होय. परंतु कोल्हापुरात बसून या प्रकरणाकडे पाहणाऱ्यास एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. ज्या राजाच्या दुःस्थितीवरून हा सारा गदारोळ उठला, तो राजा या कथेत जवळजवळ दिसतच नाही. शासन, वृत्तपत्र व लोकमत यांच्या परस्परसंबंधांच्या दृष्टीने विचार करता हे त्याचे अदृश्य असणेच महत्त्वाचे ठरते.

छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) युरोपच्या प्रवासात असता ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे निधन पावले. त्यानंतर १८७१ मध्ये दत्तक घेण्यात आलेले चौथे शिवाजी महाराज त्या वेळी आठ वर्षांचे होते. राजा अज्ञान असल्याने राज्याची सूत्रे स्वाभाविकच पोलिटिकल एजंट व कारभारी यांच्या हाती राहिली. कोल्हापूर संस्थानाविषयी इंग्रज सरकार सामान्यतः जेवढे सावध असे, त्याहून अधिक सावध राहण्यास त्यास कारणेही होती. १८४४ मध्ये सामानगड, भुदरगड इत्यादी किल्ल्यांवरील गडकऱ्यांनी उठाव केला होता. ३१ जुलै १८५७ रोजी खुद्द कोल्हापुरात २७ व्या पलटणीतील शिपायांनी बंड केले आणि त्यानंतरच्या धामधुमीत तत्कालीन छत्रपतींचे बंधू चिमासाहेब यांना कराचीस हद्दपार करण्यात आले. चिमासाहेब पुन्हा आपल्या भूमीत परतले नाहीत. राजघराण्यातील तेजस्वी पुरुषास दूर नेऊन नाहीसे केले जाते, ही कल्पना कोल्हापूरच्या प्रजेने कोणा नाटकातून उचललेली नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वीचा तो तिचा प्रत्यक्ष अनुभव होता. १८८१ मध्ये उठलेल्या अफवांवर लोकांनी इतक्या सहजपणे विश्वास का ठेवला, याचे उत्तर शोधताना ही पार्श्वभूमी दृष्टीआड करून चालणार नाही.

वयात येऊ लागलेल्या महाराजांच्या बुद्धीला भ्रंश झाला आहे, असे सरकारी बाजूने सांगण्यात येऊ लागले. प्रजेत याच्या उलट बोलले जाई : महाराज वेडे नाहीत, त्यांना वेडे ठरविले जात आहे, त्यांच्यावर नेमलेले लोक त्यांचा छळ करीत आहेत. यातील खरे काय, हे ठरविण्याचे कोणतेही साधन प्रजेच्या हाती नव्हते. राजवाड्यात बाहेरच्या वैद्याचा प्रवेश नव्हता, विधिमंडळ नव्हते, स्वतंत्र वार्ताहर म्हणावा असा कोणी नव्हता. आपण काय करीत आहोत याचा खुलासा सरकारने केला नाही, आणि तो मागण्याचा अधिकार कोणास आहे असेही त्यास वाटले नाही. बातमीची जागा अशा वेळी पत्रे घेतात. नाव न सांगणारे, ‘आतली’ माहिती असल्याचे सांगणारे पत्रलेखक पुढे सरसावतात.

‘मराठा’ व ‘केसरी’ ही पत्रे जानेवारी १८८१ मध्ये निघाली. पहिले इंग्रजी, दुसरे मराठी. टिळक व आगरकर दोघेही पंचविशीच्या आत होते. ‘केसरी’चा पहिला अंक निघाला तेव्हा लॉर्ड लिटन यांचा १८७८ चा देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदा अद्याप रद्द झालेला नव्हता. त्या कायद्यान्वये देशी भाषेतील पत्राच्या मुद्रकाकडून जामीनकतबा घेता येई, छापखाना जप्त करता येई आणि त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. इंग्रजी पत्रांना तो लागू नसल्याने कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने एका रात्रीत आपली भाषा बदलून इंग्रजी केली, ही हकीकत प्रसिद्धच आहे. दुष्काळ आणि अफगाणिस्तानसंबंधीचे धोरण यांवर देशी पत्रे करीत असलेल्या टीकेने हे सरकार अस्वस्थ झाले होते. पुढे लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत हा कायदा गेला. तथापि कोल्हापूर प्रकरणात सरकारला अशा कोणत्याही विशेष कायद्याची गरजच पडली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. दंडसंहितेतील अब्रूनुकसानीचे साधे कलम पुरेसे झाले.

कारभारी रावबहादूर महादेव वासुदेव बर्वे यांचा महाराजांच्या छळात हात आहे, असे सूचित करणारी काही पत्रे पुण्यातील वृत्तपत्रकारांच्या हाती आली. ती बर्व्यांचीच आहेत असा विश्वास बाळगून त्यांच्या आधारे कठोर टीका करण्यात आली. बर्व्यांनी फिर्याद केली. चौकशीत पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. तसे दिसून येताच टिळक व आगरकर यांनी क्षमायाचना केली, पण बर्व्यांना ती मान्य झाली नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. शिक्षेत थोडी सूट मिळून २६ ऑक्टोबर रोजी त्यांची सुटका झाली. आगरकरांनी या दिवसांची जी हकीकत लिहिली, तिच्या नावातच ‘१०१ दिवस’ हा आकडा आहे.

येथे संपादकांचा दोष सौम्य करून सांगण्याचे काही कारण नाही. एखाद्या माणसाचे हस्ताक्षर त्याचेच आहे की नाही, याची शहानिशा केल्यावाचून त्यावर आरोप उभारणे ही गंभीर चूक होती. सद्हेतू हा कायद्याच्या दृष्टीने केवळ भावनेचा प्रश्न नाही. योग्य ती काळजी घेतली होती काय, हेही त्यात पाहिले जाते. बर्वे यांच्यावर अन्याय झाला, हे मान्य केलेच पाहिजे. आपल्याकडील अनेक लेखकांनी त्यांना सरसकट खलपुरुष करून टाकले आहे, ते ज्या पुराव्यावर, तो पुरावाच खोटा ठरलेला आहे.

परंतु न्यायालयापुढे जो प्रश्न होता तो मर्यादित होता : बर्व्यांची बदनामी झाली काय? महाराजांना कसे वागविले जाते, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. पत्रे बनावट ठरल्याने पत्रांचा निकाल लागला; महाराजांचा लागला नाही. लोकांनी मात्र, आणि कदाचित सरकारनेही, दोन्ही प्रश्न एकच मानले. खोट्या पुराव्याने खऱ्या शंकेचे केवढे नुकसान होते, याचे याहून बोलके उदाहरण मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात क्वचितच आढळेल. एकदा पत्रे खोटी ठरल्यावर राजवाड्यासंबंधी अधिक विचारणा करण्याचे नैतिक बळच वृत्तपत्रांजवळ उरले नाही.

खटल्याच्या काळात लोकमताने घेतलेले रूप मोठे मनोवेधक आहे. जामिनासाठी दहा हजार रुपयांची तजवीज महात्मा जोतीराव फुले यांच्या खटपटीने रामशेट उरवणे यांनी केली. कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी मदतनिधीसाठी नाट्यप्रयोग केला आणि त्यात गोपाळ कृष्ण गोखले यांनी स्त्रीभूमिका केली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या वेळी गोखले सोळा वर्षांचे होते. किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर येऊन दोनही वर्षे झाली नव्हती. नाटक ही त्या पिढीची सर्वांत ताजी आवड होती. सभा भरवून संस्थानी कारभाराविरुद्ध बोलणे जेथे अवघड, तेथे तिकीट काढून नाटकास जाणे हीच राजकीय कृती ठरली. आणखी एक योगायोग येथे नोंदवावासा वाटतो. आगरकरांचे ‘विकारविलसित’, म्हणजे शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे रूपांतर, १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. राजपुत्र खरोखर वेडा आहे की नाही, आणि त्याला वेडा म्हणण्यात कोणाचा लाभ आहे, हा त्या नाटकाचा गाभा. कोल्हापूरचे नाव न घेताही तत्कालीन वाचकाला ते आठवले नसेल, असे मानणे कठीण आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस, २५ डिसेंबर १८८३ रोजी, चौथे शिवाजी महाराज अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात मृत्यू पावले. त्यांच्यावर देखरेखीसाठी नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर हा मृत्यू घडला. महाराजांच्या वयाची एकविशीही पूर्ण झाली नव्हती. ज्या छळाविषयी लिहिल्याबद्दल दोन संपादक तुरुंगात गेले, त्याची शंका आता कोणत्याही पत्रावर अवलंबून राहिली नाही. बर्व्यांची पत्रे खोटी होती, हे तरीही खरेच राहिले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मात्र पुढील वादविवादांत फारसे कोणी ध्यानात घेतलेले दिसत नाही. एका पक्षाने मृत्यूवरून पत्रे खरी मानली. दुसऱ्याने पत्रांवरून छळ खोटा मानला.

१७ मार्च १८८४ रोजी कागलकर घाटगे घराण्यातील यशवंतराव यांना दत्तक घेण्यात आले. हेच राजर्षी शाहू महाराज. १८८२ मध्ये करवीरच्या गादीचा कैवार घेताना ‘केसरी’कार आणि सत्यशोधक एका बाजूस उभे होते. डोंगरीतून सुटलेल्या संपादकांचे मुंबईत स्वागत करणाऱ्यांत ‘दीनबंधु’चे नारायण मेघाजी लोखंडे होते. पुढे वीस वर्षेही लोटली नाहीत तोच वेदोक्त प्रकरण उद्भवले आणि त्याच गादीवरील छत्रपतींविरुद्ध ‘केसरी’ने आपली लेखणी उचलली.