खर्जाचें वाद्य आणि स्वरांचीं घरें

घरांतल्या मुलानें सतार किंवा पेटी आणिली, तर वडील मंडळींस कौतुक वाटतें. बेस गिटार आणिली, तर प्रथम शेजाऱ्यांची आणि मग परीक्षेची आठवण होते. शिवाय हें वाद्य एकटें वाजूं लागलें म्हणजे त्यांत गाणें कोठें आहे, हें कोणासच कळत नाहीं. भिंतींतून धुम्-धुम् असा आवाज येतो, मांडणीवरचीं ताटें किणकिणतात, आणि आजी विचारतात, "अरे, याचें गाणें सुरू केव्हां व्हायचें?" आजींच्या या प्रश्नांत अज्ञान नाहीं, वाद्याचें स्वरूपच तसें आहे. गाणें दुसऱ्यानें गावें, चाल तिसऱ्यानें वाजवावी, आणि यानें खालची जमीन धरून ठेवावी. वाजत असतां त्याच्याकडे कोणाचें लक्ष नसतें. थांबलें कीं मात्र सगळें गाणें पोकळ होतें.

आमच्या वरोऱ्यास वाद्यवृंदाचें नवल राहिलेलें नाहीं. बाबा आमटे (१९१४–२००८) यांच्या आनंदवनांतून निघालेल्या 'स्वरानंदवन' या वाद्यवृंदानें अंध, अपंग आणि कुष्ठरोगांतून बरे झालेले कलावंत महाराष्ट्रभर रंगमंचावर नेले; त्यामुळें गांवांतल्या मुलांस वाद्यांचें वेड लागावें, हें स्वाभाविकच आहे. गणेशोत्सवांत, स्नेहसंमेलनांत मुलें गिटारी गळ्यांत अडकवून उभीं राहतात. त्यांत बेस हातीं घेणारा बहुधा तोच असतो, कीं ज्याच्या वांट्यास दुसरें कांहीं आलेलें नसतें!

बेसचा शिक्षक लहान गांवीं सहसा मिळत नाहीं. मग मुलगा मोबाइलवर पाहून शिकतो. कोणत्या तारेवर कितव्या घरांत बोट ठेवावयाचें, याचे आंकडे तो पाठ करितो आणि आठ दिवसांत एक गाणें बसवितो. येथवर ठीक चालतें. पुढें कार्यक्रमाच्या संध्याकाळीं गायिकेचा घसा बसलेला असतो, ती म्हणते, "आज अर्धा स्वर खालीं घेऊं." पेटीवाला पट्टी बदलतो, आणि आमचे चिरंजीव तसेच उभे राहतात; कारण त्यांच्या पाठांतरांत जागोजाग मोकळी तार आहे, आणि मोकळ्या तारेच्या खालीं त्या तारेवर घरच नाहीं. तो स्वर शेजारच्या जाड तारेच्या चौथ्या घरांत आहे, हें त्यांस कोणीं सांगितलेलेंच नसतें. आंकडे पाठ झाले, दांडी पाठ झाली नाहीं. ती पाठ होण्यास सरगमीचे अलंकार घोटण्यावांचून दुसरा उपाय आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु ते कसे घोटावे, यांतच सारें आहे.

प्रथम दांडी समजून घेऊं. चार तारा. सर्वांत जाड तारेपासून मोजल्यास त्या पेटीच्या भाषेंत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पांच या स्वरांत लाविलेल्या असतात. म्हणजे कोणत्याहि दोन शेजारच्या तारांत षड्ज-मध्यमाचें अंतर. दांडीवर सतारीसारखे आडवे पडदे असतात. सतारीचे पडदे दोऱ्यानें बांधलेले, हवे तसे सरकवितां येणारे. येथें ते लाकडांत कायमचे बसविलेले. एका पडद्यापासून पुढचा पडदा अर्ध्या स्वरावर, आणि बाराव्या पडद्यावर तार बरोबर निम्मी होऊन वरचा षड्ज मिळतो. सतराव्या शतकांत अहोबल पंडितानें 'संगीतपारिजात' ग्रंथांत वीणेच्या तारेची लांबी मोजून स्वरांचीं स्थानें सांगितलीं आहेत. तारेच्या मध्यावर तार षड्ज, दोन्ही षड्जांच्या मधोमध मध्यम, तारेचे तीन भाग केले असतां पहिल्या भागाच्या अखेरीस पंचम. बेस गिटारीवर हाच दोरा धरून पाहावा. पांचवा पडदा मध्यमाच्या आणि सातवा पंचमाच्या स्थानीं जवळजवळ नेमका येतो. दांडीवर पांचव्या, सातव्या व बाराव्या घरांत जे टिंब घातलेले असतात, त्यांचा अर्थ मुलास येथें एकदम उमगतो.

आतां अडचण पाहा. पेटीवर एका स्वरास एकच घर. येथें तसें नाहीं. वीस पडद्यांच्या दांडीवर मोकळ्या तारा धरून चौऱ्यायशीं जागा होतात, आणि निरनिराळे स्वर मात्र छत्तीसच. सर्वांत बारीक मोकळी तार जो स्वर देते, तोच तिच्या शेजारच्या तारेच्या पांचव्या, त्यापुढच्या तारेच्या दहाव्या आणि जाड तारेच्या पंधराव्या घरांत सांपडतो. एकाच माणसानें चार आळ्यांत बिऱ्हाडें करावीं, तसा हा प्रकार!

या घोळांतून वाट काढणारी आकृति एकच आहे, आणि ती फार सोपी आहे. जाड तारेच्या पांचव्या घरांत मधलें बोट ठेवून तो षड्ज मानावा. करंगळीखालीं रिषभ येतो. पुढच्या तारेवर तर्जनीखालीं गांधार, मधल्या बोटाखालीं मध्यम, करंगळीखालीं पंचम. त्यापुढच्या तारेवर तर्जनीखालीं धैवत, अनामिकेखालीं निषाद, करंगळीखालीं तार षड्ज. झाला बिलावल थाट. हात जागचा हलला नाहीं. हीच आकृति दोन घरें वर सरकविली कीं पट्टी बदलली. बोटांस नवें कांहीं शिकावें लागत नाहीं. पांचव्या घरापासून आरंभ करण्याचें कारण इतकेंच, कीं या वाद्याची तार चौतीस इंच लांब असते. तिचें पहिलें घर सुमारें १.९ इंच रुंद, तर बाराव्या पडद्यापलीकडचें त्याच्या निम्मे. कोवळ्या हातानें पहिल्याच दिवशीं खालच्या रुंद घरांत बोटें ताणलीं, तर मनगट दुखतें आणि वाद्य खुंटीस लागतें.

परंतु ही आकृति खालून वर आणि वरून खालीं शंभर वेळां वाजविली म्हणजे दांडी आली, असें मात्र कोणी समजूं नये. संस्कृत शिकविण्यांत आमचीं पस्तीस वर्षें गेलीं. 'राम शब्द चालव' म्हटलें कीं मुलगा रामः रामौ रामाः असा आगगाडीसारखा सुटतो. तेंच मध्येंच 'षष्ठीचें अनेकवचन काय?' म्हणून विचारा; तो डोळे मिटून प्रथमेपासून पुटपुटूं लागतो आणि कांहीं वेळानें रामाणाम् या स्टेशनावर उतरतो. त्याला शब्द येतो, रूप येत नाहीं. सरगमीचेंहि असेंच. षड्जापासून निघाल्याखेरीज ज्यास धैवत सांपडत नाहीं, त्याची बोटें शिकलीं, तो शिकला नाहीं.

आपल्या वेदपाठकांनीं ही गोष्ट फार पूर्वीं ओळखली होती. संहिता पाठ झाल्यावर ते पद, क्रम, जटा, घन असे पाठ करीत. जटेंत पहिलें-दुसरें, दुसरें-पहिलें, पहिलें-दुसरें असा क्रम. मग दुसऱ्या-तिसऱ्याचा तोच खेळ. अशा उलटसुलट फिरण्यामुळें कोणतेंहि पद आपल्या दोन्ही शेजाऱ्यांसह ध्यानांत राहतें आणि कोठूनहि आरंभ करितां येतो. दांडीवर हेंच करावें: सारे रेसा सारे, रेग गरे रेग, याप्रमाणें. स्वराचें नांव मोठ्यानें उच्चारावें. मुकाट्यानें केलेला रियाज बोटांत राहतो, डोक्यापर्यंत चढत नाहीं. तबल्याचा किंवा मात्रा देणाऱ्या यंत्राचा ठेका मिनिटास साठ मात्रांहून अधिक ठेवूं नये. एके दिवशीं सर्व सरगम एकाच तारेवर आडवी वाजवावी, म्हणजे हात दांडीभर फिरतो. दुसऱ्या दिवशीं चारहि तारांवर उभी वाजवावी, म्हणजे तारांचें परस्परांशीं नातें कळतें.

याहून मौजेची एक युक्ति आहे. बिलावलाचेच सात स्वर ठेवावे. आरंभ मात्र रिषभापासून करून त्यासच षड्ज मानावें. कानांस काफी थाट ऐकूं येतो. गांधारापासून निघालें तर भैरवी, मध्यमापासून कल्याण, पंचमापासून खमाज, धैवतापासून आसावरी. निषादाजवळ मात्र शुद्ध पंचम मिळत नाहीं, म्हणून ती वाट बंद. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं जे दहा थाट मांडले, त्यांतील सहा अशा रीतीनें एकाच आकृतींतून निघतात. भरताच्या नाट्यशास्त्रांतील मूर्च्छना ती हीच कल्पना. ज्या मुलास घरांत लहानपणापासून भैरवीचे सूर ऐकावयास मिळाले आहेत, त्याला ती या परक्या वाद्यांतून स्वतःच्या बोटांखालीं उमटतांना ऐकूं आली, म्हणजे रियाजाचा कंटाळा निम्मा पळतो. हें आम्हीं शेजारच्या घरीं प्रत्यक्ष पाहिलें आहे.

येथें कोणी जाणकार म्हणेल, कीं या ठोकलेल्या पडद्यांत आपल्या बावीस श्रुति कोठें आहेत? आक्षेप खरा आहे. शुद्ध गांधारच घेतला, तर या दांडीवरील गांधार अर्ध्या स्वराच्या सुमारें सातव्या हिश्शानें चढा असतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं श्रुतींवर ग्रंथ लिहिला आणि श्रुतींची पेटीहि करविली, ती याच दुःखानें. आकाशवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीस दार बंद केलें, त्यामागेंहि हाच वाद होता. पण पेटी घरोघर राहिली. शिवाय खर्जांत ही तफावत कानांस फारशी बोंचत नाहीं. ज्यास बोंचते, त्याच्यासाठीं बिनपडद्यांची बेस आहे. अमेरिकेंत जॅको पास्टोरियस (१९५१–१९८७) यानें ती गाजविली. तींत सारंगीप्रमाणें बोट कानाच्या सांगण्यावरून ठेवावें लागतें. नवशिक्यानें त्या वाटेस जाऊं नये.

पडदे आले तेच मुळीं अचूकपणासाठीं. पूर्वीं खर्जाचें काम पुरुषभर उंचीचें, बिनपडद्यांचें वाद्य उभ्यानें वाजवून होत असे. पॉल टटमार्क यानें सिएटल शहरीं १९३० नंतरच्या दशकांत पडद्यांची विजेची बेस करून पाहिली. पण ती रूढ झाली लिओ फेंडर याच्या १९५१ सालच्या 'प्रिसिजन' बेसनें. प्रिसिजन म्हणजे अचूकपणा. पडद्यांमुळें स्वर नेमका लागतो, म्हणून हें नांव. आपल्याकडे सिनेमाच्या संगीतांत हें वाद्य आलें, त्यांत राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यांतील टोनी वाझ यांचें नांव जाणकार घेतात. त्या ताफ्यांत आणि इतरत्रहि गोमंतकीय वादक पुष्कळ. कारण पोर्तुगीज अमदानींत गोव्यांतील चर्चच्या शाळांतून लहान मुलांस स्वरलिपि आणि सरगम शिस्तीनें घोटून घेत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) त्याच भूमींतले. इकडे डोळे अधू झालेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनीं मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं विद्या घेतली आणि ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. वर्गांत बसवून, पुस्तकावरून अलंकार शिकविण्याची सोय मध्यम स्थितींतल्या घरांतील मुलामुलींस झाली, ती पुष्कळ अंशीं त्यामुळें.

आतां घरच्या माणसांविषयीं दोन शब्द. रियाज रोज वीस मिनिटें, पण रोज. रविवारीं तीन तास बडवून सहा दिवस वाद्य कोपऱ्यांत ठेवण्यांत अर्थ नाहीं. कानाला लावावयाचे हेडफोन जोडले असतां आवाज बाहेर येत नाहीं, तेव्हां शेजाऱ्यांची सबब राहत नाहीं. परंतु आठवड्यांतून एकदां तरी ते काढून सर्वांदेखत वाजवूं द्यावें. पाल्याची परीक्षा घेण्यास आईबापांस बेस यावयास पाहिजे, असेंहि नाहीं. घरीं पेटी असेल तर आईनें पोळ्या लाटतां लाटतां नुसतें विचारावें, "पांढरी चार कोठें?" जाड तारेच्या पहिल्या व तेराव्या घरांत, दुसरीच्या आठव्या व विसाव्या, तिसरीच्या तिसऱ्या व पंधराव्या, आणि चौथीच्या दहाव्या घरांत, अशा सात जागा मुलानें षड्जापासून न मोजतां दाखविल्या पाहिजेत. पांचच दाखविल्या तर पुढची पोळी थोडी उशीरा वाढावी.