कांद्यावरील फुलकिडे, फवारणीची विषबाधा आणि एकच विकर

श्रीगोंदा तालुक्यात फेब्रुवारीनंतर उन्हाचा चटका वाढला की रब्बी कांद्यावर फुलकिडे वाढतात आणि प्रोफेनोफॉसचा पंप पाठीवर चढतो. हे औषध ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले. ते किडीला ज्या मार्गाने मारते, त्याच मार्गाने फवारणाऱ्यालाही बाधते.

मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत नेणारे रसायन म्हणजे असेटिलकोलीन. निरोप पोचला की ते लगेच तोडण्याचे काम असेटिलकोलिनेस्टरेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, करते. या विकरात एक खोल, अरुंद घळ असते आणि तिच्या तळाशी सेरीन नावाचे अमिनो आम्ल. असेटिलकोलीन घळीत उतरते व सेरीनपाशी तुटते. ऑर्गॅनोफॉस्फेट नेमके याच सेरीनला चिकटून बसते. तोडणी थांबते, निरोप साचत जातात, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास बंद पडतो. कीड असो वा माणूस, घळीची ठेवण बरीचशी सारखी.

काही किडींत घळीजवळचा एखादा घटक बदलतो. औषध नीट बसत नाही, विकराचे काम मात्र चालू राहते. प्रतिकारशक्ती येते ती अशीही. मग मात्रा वाढवून किडीला फारसा फरक पडत नाही, विष तुमच्या अंगावर वाढते. प्रोफेनोफॉसऐवजी क्लोरपायरीफॉस घेतले तर बाटली बदलली, गट नाही. कार्बोसल्फानसारखी कार्बामेट औषधेही त्याच सेरीनवर बसतात, फक्त ती काही तासांत आपोआप सुटतात. म्हणून लेबलवर कांदा आणि फुलकिडे दोन्हींचा उल्लेख असलेले, खरोखर वेगळ्या गटातले औषध निवडा.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीच्या विषबाधेत सुमारे २० जण दगावले. तिथे वापरलेल्या औषधांत ऑर्गॅनोफॉस्फेटही होती. फवारताना लाळ, घाम, उलटी, अंधुक दिसणे, बारीक झालेली बाहुली किंवा स्नायूंची फडफड दिसली तर काम थांबवा, कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि औषधाची बाटली घेऊन लगेच दवाखान्यात जा. ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणू नका. सेरीनला चिकटलेले औषध काही वेळाने पक्के होते, मग ते सोडवणारे पॅम इंजेक्शन उपयोगी पडत नाही. ॲट्रोपिन लक्षणे आवरते, पण विकर मोकळे करत नाही.

याच कुळातले दुसरे विकर, ब्युटिरिलकोलिनेस्टरेज, रक्तद्रवात असते. रक्ततपासणीत ‘कोलिनेस्टरेज’ म्हणून बहुधा तेच मोजतात. हंगामभर मजुरीने फवारणी करणाऱ्यांनी ही तपासणी हंगामाआधी एकदा करून ठेवावी, कारण प्रत्येकाचे मूळ प्रमाण वेगळे असते आणि नंतरची घट त्याच्याशीच ताडून पाहावी लागते.