वेल्डिंग येतं, पण ऑफ-रोड गाडीचे सस्पेन्शन आर्म बनवण्याचा धंदा जमेल का?



फॅब्रिकेशनवाल्यांचा एक प्रश्न नेहमी येतो. "सर, गेट-ग्रिलमध्ये आता काही उरत नाही, एका गल्लीत चार दुकानं झालीत. ऑफ-रोड गाड्यांचं काम सुरू करू का?"

प्रश्न चांगला आहे. थार नाशिकला बनते, जिम्नी २०२३ मध्ये बाजारात आली, गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज होते. म्हणजे गिऱ्हाईक आहे. पण हे काम गेटसारखं नाही. गेटचं वेल्डिंग सुटलं तर गिऱ्हाईक फोन करून ओरडतं. आर्मचं वेल्डिंग सुटलं तर कदाचित फोन करायला कुणी राहणार नाही. म्हणून आज फक्त या एका पार्टचा धंदा तपासून बघू.

गिऱ्हाईक तुमच्याकडे का येतं?

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. पण चाक नेमकं कुठे आणि कोणत्या कोनात उभं राहायचं, हे आर्म ठरवतो. २०२० नंतरच्या थारला पुढे डबल विशबोन आहे, मागे मल्टी-लिंक. जिम्नीला पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आहे आणि तो आर्मने चासीला जोडलेला आहे. जिप्सीला पाटे होते, त्यामुळे जिप्सीवाला आर्म मागणार नाही.

आता गिऱ्हाईक काय करतं? उंच स्प्रिंग टाकून गाडी ५० मिमी उचलतं. समजा पुढचा आर्म ७०० मिमी लांब आहे. एक टोक ५० मिमी खाली गेलं की आर्म साधारण ४ अंशांनी फिरतो. जिम्नीसारख्या गाडीत आर्मबरोबर अख्खा अ‍ॅक्सलही फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. मग तक्रार सुरू: "स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही, हायवेला गाडी भटकते."

म्हणजे बघा, गिऱ्हाईकाला लोखंड नकोय. त्याला गेलेले ४ अंश परत हवेत. कोन मोजता येत नसेल तर कितीही छान वेल्डिंग करा, उपयोग नाही.

पहिला खर्च कायदा समजून घेण्यावर करा

बरेच जण हे शेवटी बघतात. तुम्ही आधी बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ सांगतं की नोंदणीतल्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२-ए आलं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग धंदा कुणाशी करायचा? दोन गिऱ्हाईकं डोळ्यांसमोर ठेवा.

१. बंद ट्रॅकवरच्या स्पर्धेच्या गाड्या. या ट्रेलरवर लादून नेतात, रस्त्यावर चालवत नाहीत. ऑर्डरवर तसं लिहून सही घ्या.

२. इंजिनिअरिंग कॉलेजच्या टीम. बाजा एसएईइंडिया ही स्पर्धा २००७ पासून होते, मध्य प्रदेशात पिथमपूरला तिच्या फेऱ्या होत आल्या आहेत. त्यात विद्यार्थी एकसीटर ऑफ-रोड गाडी बनवतात. डिझाइन त्यांचं असतं, ड्रॉइंग त्यांच्याकडे असतं. नवशिक्या उद्योजकाला ड्रॉइंगवर काम करायची सवय लागायला याहून चांगली शाळा नाही. फक्त अ‍ॅडव्हान्स घ्या, कारण कॉलेजचं बिल सावकाश निघतं.

रोज ऑफिसला जाणारी गाडी घेऊन कुणी आलं, तर आधी आरटीओची लेखी परवानगी मागा. "कुणाला कळतंय!" असं म्हणणारं गिऱ्हाईक उद्या अपघात झाला की तुमच्याच दुकानाचं नाव सांगेल.

वर्कशॉपमध्ये काय सांभाळायचं?

पाइप. पाइपच का, भरीव सळई का नाही? ३८ मिमी व्यास आणि ४ मिमी जाडीचा पाइप घ्या. वजन काढायचा हिशेब सोपा आहे: (व्यास वजा जाडी) गुणिले जाडी गुणिले ०.०२४६६. म्हणजे ३४ × ४ × ०.०२४६६ = मीटरला साधारण ३.३५ किलो. तेवढ्याच वजनाची भरीव सळई जेमतेम २३ मिमीची होते. वाकण्याला पाइपचा कडकपणा तिच्या चौपटीहून जास्त असतो. किलोचा भाव सारखा धरला तर तेवढ्याच पैशात चौपट काम!

ग्रेड विचारूनच माल घ्या. साध्या ई२५० ग्रेडच्या स्टीलची यील्ड स्ट्रेंग्थ २५० मेगापास्कल असते. ४१३० क्रोमोली नॉर्मलाइज केलेलं असेल तर ती ४३० च्या आसपास जाते. पण ४१३० महाग आहे आणि वेल्डिंगला नाजूक आहे. कुठलंही घ्या, सोबत टीसी हवंच. भंगारातल्या पाइपचा आर्म करायचा नाही म्हणजे नाही.

वेल्डिंग. पाइप बुशच्या नळीवर बसतो तिथे नॉच नीट कापा. फट राहिली आणि ती वेल्डने भरली की तोच जोड उद्या पहिला सुटतो. रबर बुश आधी काढून ठेवा, नाहीतर जळेल. आधी टॅक मारा, मग आलटून पालटून बाजू बदलत वेल्ड करा. उष्णतेने नळीचं भोक आवळतं, म्हणून गार झाल्यावर रीमर फिरवा. आणि वेल्ड ग्राइंडरने घासून चकचकीत करू नका. दिसायला छान दिसतं, पण मधलं बळ निघून जातं.

रॉड एंड. लांबी कमी-जास्त करायला रॉड एंड लावला, तर आटे व्यासाच्या दीडपट तरी आत गेले पाहिजेत. २० मिमीच्या आट्याला किमान ३० मिमी. चेक नट विसरायचा नाही.

तपासणी. डीपी टेस्टचे तीन स्प्रे मिळतात: क्लीनर, पेनिट्रंट, डेव्हलपर. क्लीनरने जोड साफ करा, लाल पेनिट्रंट मारून दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुसा, वर पांढरं डेव्हलपर मारा. पृष्ठभागावर तडा असेल तर लाल रेघ उमटते. ही टेस्ट पावडर कोटिंगच्या आधीच करायची, कारण कोटिंग तडा झाकतं.

फिटिंग. आर्म बसवल्यावर चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन बघा. ब्रेकचा होज ताणला जातोय का? टायर कुठे घासतोय का? रबर बुशचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचा आवळा. चाक लटकत असताना आवळलात तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

खरं भांडवल म्हणजे जिग

आता पैशाचं बोलू. तुम्ही म्हणाल, मशीन कोणतं घेऊ? मशीनचं नंतर बघू. आधी जिगचा हिशेब मांडूया.

डावा आणि उजवा आर्म हुबेहूब सारखा हवा. टेपने मोजून ते जमत नाही, त्याला जिगच लागतो. समजा एका गाडीच्या आर्मचा जिग ३०,००० रुपयांत बनला. त्यावर पाचच जोड्या बनवल्या तर जोडीमागे जिगचा खर्च ६,००० रुपये. पन्नास बनवल्या तर ६०० रुपये.

यातून धोरण काय निघतं? "सगळ्या गाड्यांचं काम करतो" असा बोर्ड लावू नका. एक गाडी धरा, तिचा एक आर्म धरा, त्यात नाव कमवा. कस्टम काम म्हणजे दर वेळी शून्यापासून सुरुवात नव्हे. जिग एकच ठेवा आणि गिऱ्हाईकाच्या लिफ्टप्रमाणे कोन बदलता येईल अशी सोय त्यातच करा.

भाव सांगताना पाइप, गॅस आणि मजुरी एवढंच धरू नका. त्यात जिगचा वाटा, डीपी टेस्ट, रीमिंग, कोटिंग आणि वाया गेलेला माल हे सगळं घाला. शेजारचा निम्म्या भावात देत असेल तर त्याला विचारा, यातलं काय काय करतोस?

नंबर पंच करा, वही ठेवा

प्रत्येक आर्मवर नंबर पंच करा, शक्यतो बुशच्या नळीवर, मधल्या पाइपवर नको. वहीत लिहा: कोणता पाइप, कोणतं टीसी, वेल्ड कुणी केलं, टेस्ट कधी झाली, कुणाच्या गाडीला बसला. पहिल्या रनिंगनंतर बोल्ट तपासायला गाडी फुकट बोलवा. वाकलेला आर्म आला तर तापवून सरळ करून देऊ नका, नवीन बनवा. गिऱ्हाईक रुसलं तरी चालेल.

ही वही म्हणजे तुमची जाहिरात आहे. पुढे एखाद्या कंपनीचं जॉबवर्क मागायला गेलात, तर तिथला माणूस गोड बोलण्यापेक्षा हीच वही बघेल.

या आठवड्याचा गृहपाठ

दुकानातल्या उरलेल्या पाइपचे दोन सारखे आर्म बनवा, विकायला नाही, शिकायला. दोन्हींच्या भोकांमधलं अंतर मोजा, दोन्हींची डीपी टेस्ट करा. एक करवतीने जोडावर कापा आणि वेल्ड आतपर्यंत गेलंय का ते बघा. अंतरात १ मिमीपेक्षा जास्त फरक आला किंवा लाल रेघ दिसली, तर अजून ऑर्डर घेऊ नका, सराव करा.

दोन्ही आर्म जुळले? मग जिगचं ड्रॉइंग काढायला बसा.