अंदमानातील साडेतीन वर्षे

अंदमान म्हटले की आपणांस सेल्युलर तुरुंग आणि सावरकरांचा कोलू आठवतो. परंतु तुरुंगाबाहेर सुटलेल्या कैद्यांचे, त्यांच्या मुलानातवंडांचे संसारही होते. पाथर्डीकर जशी पावसाची, तशी ही माणसे जहाजाची वाट पाहत. कारण त्यांचा तांदूळ समुद्रापलीकडून येई.

२३ मार्च १९४२ रोजी जपानी सैन्य पोर्ट ब्लेअरला उतरले आणि हिंदुस्थानची जहाजे थांबली. धान्य आटले, माणसे विमानतळाच्या वेठीला धरली गेली. पुढे हेरगिरीच्या संशयाने घरेच्या घरे उद्ध्वस्त झाली. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी तेथे तिरंगा फडकविला. बरोबर महिन्याने होम्फ्रेगंजला ४४ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. या दोन तारखा शेजारी ठेवल्याशिवाय अंदमानचे युद्ध कळावयाचे नाही.

ऑगस्ट १९४५ मध्ये, खाणारी तोंडे कमी व्हावीत म्हणून, शेकडो लोकांना होड्यांत भरून हॅवलॉक बेटाजवळ समुद्रात ढकलण्यात आले. जहाज थांबल्याचे हे शेवटचे टोक.

ऑक्टोबरात इंग्रज परतले. पण काळ्या पाण्याची वसाहत त्यांनी मोडली. कैद्यांना परतीची वाट मोकळी झाली. तरीही कित्येकांनी तेथेच राहणे पसंत केले.