ओळखीबाहेरच्या ओळखी

30 जानेवारी 2008 रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ भूमध्य समुद्रातल्या दोन केबल निकामी झाल्या आणि इथे मुंबई-बंगळूरमधलं इंटरनेट रखडत चालू लागलं. देशाची निम्मी किंवा त्याहून जास्त क्षमता गेल्याचा अंदाज तेव्हा सेवा पुरवठादारांच्या संघटनेनं दिला होता. तरी सगळं बंद पडलं नाही, कारण बरीच वाहतूक उलट दिशेनं, पूर्व आशिया आणि प्रशांत महासागरावरून वळवता आली. ज्यांनी दोन्ही दिशांना क्षमता घेऊन ठेवली होती, त्यांना झळ कमी बसली. ज्यांची सगळी भिस्त एकाच वाटेवर होती, त्यांच्या कार्यालयात किती संगणक एकमेकांना जोडलेले आहेत याला त्या दिवशी काही किंमत नव्हती. ‘नेटवर्किंग करा’ असा सल्ला आज नोकरीच्या बाजारात ऊठसूट दिला जातो, तो देणारे नेमकं हेच विसरतात. ओळखींची संख्या वाढवणं आणि नव्या वाटा जोडणं ही दोन वेगळी कामं आहेत.

अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनमधल्या पॉल बॅरन यांचा 1964 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. अणुहल्ल्यानंतरही टिकेल अशी संदेशयंत्रणा कशी उभारायची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. उत्तर असं, की संदेशाचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा त्या क्षणी मोकळ्या असलेल्या वाटेनं पुढे सरकवायचा. (ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस स्वतंत्रपणे याच कल्पनेशी पोचले, ‘पॅकेट’ हे नाव त्यांचं.) बॅरन यांच्या गणितातला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग वेगळाच आहे. जाळं जेमतेम जोडलेलं राहायला लागतात त्याच्या साधारण तिप्पट-चौपट जोडण्या असल्या, की ते पुरेसं चिवट होतं. त्यापुढे भर घालून फारसं काही हाती लागत नाही. शिवाय या जोडण्या एकाच जाळ्याच्या आतल्या; बाहेरचं जग मात्र राउटरमुळेच मिळतं. स्विच एका मजल्यावरचे संगणक आपापसांत जोडतो. राउटर दोन जाळ्यांच्या सीमेवर बसून इकडचं तिकडे पोचवतो.

माणसांच्या बाबतीत हीच गोष्ट समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये मांडली. बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये त्यांनी नुकतीच नोकरी बदललेल्या व्यावसायिकांना गाठलं. ज्यांना ओळखीतून काम मिळालं होतं, त्यांपैकी जेमतेम 17 टक्के लोकांची ते काम सुचवणाऱ्या माणसाशी वरचेवर भेट होत असे. सुमारे 56 टक्के त्याला अधूनमधून, तर 28 टक्के क्वचितच भेटत. कारण उघड आहे. जवळच्या मित्राला जे ठाऊक असतं, ते बहुतेक आपल्याला आधीच ठाऊक असतं. 2022 मध्ये लिंक्डइनच्या सुमारे 2 कोटी सदस्यांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष ‘सायन्स’मध्ये आले, त्यांनी या सिद्धान्ताला थोडी मुरड घातली. सर्वाधिक उपयोग मध्यम सैल ओळखींचा होतो. अगदीच तोंडओळख असलेल्यांचा तेवढा नाही. परिषदेत वाटलेल्या शंभर व्हिजिटिंग कार्डांचं काय होतं, हे त्यावरून समजावं.

अडीअडचणीला धावून येतात ती जवळचीच माणसं, असा यावर आक्षेप घेता येईल, आणि तो खराच आहे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, साताऱ्यातून आलेल्या माणसाला गावकीच्या खोलीत पथारी मिळाली, खाणावळीत उधारी मिळाली आणि जॉबरच्या, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या, शब्दावर गिरणीत कामही मिळालं, ते गाववाल्यांच्याच बळावर. पण 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा याच जाळ्याची दुसरी बाजू उघडी पडली, असं मला वाटतं. खोलीतले बहुतेक सगळे गिरणीतलेच. दुसऱ्या धंद्यात कुठे माणूस हवा आहे याची खबर आणणार कोण? आधार भरपूर होता, बातमी नव्हती. कित्येकांनी गावची वाट धरली.

याहून अवघड आक्षेप असा, की दूरच्या ओळखी जोडणं प्रत्येकाच्या हाती असतं का? राउटर पॅकेट पुढे पाठवताना साधारणपणे कुठे जायचं एवढाच पत्ता बघतो. माणूस आडनाव बघतो. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या नावांनी पाठवले. 2007 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त आलेल्या निष्कर्षांनुसार दलित आणि मुस्लीम नावांना बोलावणी कमी आली. घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेल्या मुलीला ‘नेटवर्किंग वाढव’ म्हणणं म्हणूनच अर्धवट सल्ला ठरतो. सीमेवर ती बसलेली नसते. तिथे बसलेले असतात कंपनीतले जुने लोक, आणि रेफरलवर बक्षीस देणाऱ्या कंपन्या त्यांना आपल्याच कॉलेजातला, आपल्याच वर्तुळातला माणूस आणायला पैसे मोजतात. रेफरल बंद करा, असं माझं म्हणणं नाही. त्यातून भरवशाची माणसं मिळतातही. जागा आधी सर्वांसाठी जाहीर करायची आणि शिफारशी त्यानंतर घ्यायच्या, एवढा क्रम पाळायला कंपनीला फारसा खर्चही येत नाही.