लॅपटॉपला केबल लॉक घेताय? आधी कडेची खाच मोजा

निपाणी : सायकल उभी केली की कुलूप लावायचं, हे इथं शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. पण सायकलीच्या कितीतरी पट किमतीचा लॅपटॉप अभ्यासिकेत टेबलावर तसाच ठेवून पोरं चहाला जातात. करसल्लागाराच्या किंवा अडत दुकानातल्या लॅपटॉपमध्ये तर वर्षभराची टॅली आणि जीएसटीची कागदपत्रं असतात. अशा ठिकाणी केबल लॉक कामाला येतं. मात्र खाच न बघता घेतलेलं लॉक बहुतेक वेळा परत करावं लागतं.

लॉक बसतं कसं?

बऱ्याच लॅपटॉपच्या कडेला एक बारीक आयताकृती खाच असते, शेजारी कुलपाचं चिन्ह. केन्सिंग्टन या अमेरिकी कंपनीने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत आणली. जुन्या पद्धतीच्या लॉकच्या तोंडाशी इंग्रजी 'टी'सारखा धातूचा तुकडा असतो. तो खाचेत सरळ जातो आणि किल्ली फिरवली की आत आडवा होतो. मग ओढून निघत नाही. पोलादी तारेच्या दुसऱ्या टोकाला फासा असतो. तार आधी पक्क्या वस्तूभोवती फिरवून लॉक फाशातून ओवायचं आणि मगच लॅपटॉपला लावायचं.

खाचेचे तीन प्रकार

जुनी, नेहमीची खाच साधारण ७ बाय ३ मिलिमीटरची असते. पातळ लॅपटॉपला 'नॅनो' खाच येते, ती ६ बाय २.५ मिलिमीटर. तिसरी 'वेज', डेलच्या बऱ्याच मॉडेलमध्ये दिसते. एकीचं लॉक दुसरीला नीट बसत नाही. त्यामुळे दुकानात लॅपटॉपच सोबत न्यावा. मॅकबुक एअरला अशी खाच नाहीच. तिथं चिकटवायची पट्टी किंवा त्या मॉडेलसाठीचा वेगळा जोड घ्यावा लागतो. पट्टी कितीही चांगली असली तरी तिची ताकद शेवटी गोंदाची.

किल्ली की नंबर?

एकच माणूस वापरणार असेल तर किल्ली बरी. एक किल्ली घरी ठेवावी आणि किल्लीवर क्रमांक असल्यास तो लिहून ठेवावा. दुकानात दोघं-तिघं वापरत असतील तर नंबरचं लॉक सोयीचं. चार आकड्यांत १०,००० जुळण्या होतात, पण कंपनीने दिलेला नंबर तसाच ठेवला तर त्याचा उपयोग शून्य.

बांधायचं कशाला?

इथंच बहुतेकांची चूक होते. टेबलाच्या मोकळ्या पायाला तार गुंडाळली तर टेबल जरा उचललं की फासा खालून निघतो. पायांना जोडणारी आडवी पट्टी किंवा खिडकीचा गज निवडावा. प्लास्टिकच्या खुर्चीला बांधणं म्हणजे चोराला खुर्चीही देणं.

लॉक काय करत नाही?

मोठ्या कटरने तार तुटते. जोरात हिसका दिला तर लॅपटॉपची कड फुटून लॉक निघूही शकतं, पण फुटलेल्या लॅपटॉपला भाव येत नाही. लॉकमुळे मिळतात ती काही मिनिटं. चहाला गेलेल्या माणसाला परत यायला तेवढी पुरतात, बंद दुकानाला रात्रभर पुरत नाहीत. आतल्या माहितीला तर लॉकचा काहीच आधार नाही. त्यासाठी पासवर्ड आणि दुसरीकडे ठेवलेली प्रत हवीच.

चोरी झालीच तर

सीमाभागात हद्दीचा प्रश्न लगेच येतो. निपाणीला खेटून असलेलं अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलिस ठाण्यात देता येते. यालाच 'झिरो एफआयआर' म्हणतात. पुढे तपास त्या हद्दीच्या ठाण्याकडे जातो. तक्रारीत लॅपटॉपचा सिरियल नंबर लागतो. तो बहुधा लॅपटॉपच्या तळाशीच असतो, म्हणून आजच त्याचा आणि बिलाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवावा.