एकोणतीसवाले कोण?

सकाळचे साडेआठ. शाळेची घंटा व्हायला अजून दोन तास आहेत, पण पाचवीच्या खोलीबाहेर चपला लागल्या आहेत. भुदरगड तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. खालच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे घरघरत चालल्या आहेत आणि आत पोरं स्वेटर-कानटोप्यांसकट माना खाली घालून सराव पेपर सोडवत आहेत. "वीस मिनिटं राहिली," सर सांगतात. कुणी वर बघत नाही. एक पोरगी तेवढी ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजते, बोटं मुडपते, परत उघडते.

'पूर्व उच्च प्राथमिक शिष्यवृत्ती परीक्षा' हे नाव प्रवेशपत्रावर छापण्यापुरतं. गावात ती स्कॉलरशिप. आज्या-आजोबांनाही ती याच नावानं माहीत आहे, कारण १९५४-५५ पासून ती चालत आली आहे. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद एकाच दिवशी सगळ्या राज्यात ती घेते. पहिल्या पेपरात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येक पेपर ७५ प्रश्नांचा, १५० गुणांचा, दीड तासाचा. सरांनी त्याचा हिशेब फळ्याच्या कोपऱ्यात चौकटीत लिहून ठेवलाय आणि फळा पुसताना ती चौकट तेवढी वगळतात: १ प्रश्न = ७२ सेकंद. गोल रंगवायचा वेळही त्यातच.

हा गोल मोठा घातकी प्रकार आहे. दहा-अकरा वर्षांच्या पोराला उत्तर येणं वेगळं आणि ते उत्तर ओएमआर कागदावरच्या नेमक्या वर्तुळात उतरणं वेगळं. दुसऱ्या ओळीतला एक मुलगा भराभर रंगवत चाललाय. जीभ किंचित बाहेर, पेन मुठीत घट्ट. सर त्याच्या मागं येऊन उभे राहतात, वाकतात आणि ३१ या आकड्यावर बोट ठेवतात. मुलगा प्रश्नपत्रिकेकडे बघतो, परत कागदाकडे. त्याचा चेहरा उतरतो. ३१ वा प्रश्न आला नाही म्हणून त्यानं सोडला होता आणि ३२ चं उत्तर ३१ समोर रंगवलं होतं. तिथून पुढं सगळी गाडी एक घर वर सरकलेली.

"किती घसरली?"

"अकरा."

"म्हंजे बावीस मार्क. आणि उत्तरं?"

"बरोबर हाईत सर."

"मशिनला ते काय कळतंय व्हय?"

पेननं रंगवलेलं पुसता येत नाही, खाडाखोड चालत नाही. म्हणून सरांचा नियम आहे: पाच सोडवायचे, पाच रंगवायचे, पाचव्याला दोन्हीकडचा आकडा जुळतोय का बघायचं. पोरगं मान हलवतं. नियम त्याला कालही माहीत होता, हे त्याच्या तोंडावरून दिसतंच.

वेळ संपते. पेपर एकमेकांत बदलले जातात आणि तपासणी सुरू होते. इंग्रजीचे २५ प्रश्न सर झपाट्यानं उरकतात. उत्तर सांगायचं, एकदा वाचून घ्यायचं, पुढं. त्यांचा जीव बुद्धिमत्तेच्या पन्नास प्रश्नांत आहे. ४७ व्या प्रश्नाला ते थांबतात. एका रांगेत मीनाचा क्रमांक डावीकडून १२ वा आणि उजवीकडून १७ वा आहे, तर रांगेत एकूण मुली किती? पर्याय २७, २८, २९, ३०.

"एकोणतीसवाले कोण?"

अर्ध्याहून जास्त हात वर. काही हात ऐटीत, काही आजूबाजूला बघून.

"शाब्बास! पेपर काढणाऱ्याला तुमीच पाहिजे होता." पोरं हसतात, पण हात हळूहळू खाली येतात. सर उत्तर सांगत नाहीत. सात जणांना पुढं बोलावतात, फळ्यापुढं रांगेत उभं करतात आणि निळ्या स्वेटरवाल्या मुलीला विचारतात, "डावीकडनं तू कितवी?"

"तिसरी."

"आणि उजवीकडनं?"

ती मान वळवून मोजते. "पाचवी."

"तीन आन् पाच?"

"आठ." म्हणते आणि थबकते. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवते. वर्गातून कुणीतरी ओरडतं, "सातच हाईत की!" ती अजून मोजतेच आहे. मग एकदम स्वतःच्या छातीवर हात ठेवते. "मी दोनदा झाले ओ सर!"

बाजारातल्या गाईडमध्ये यासाठी चौकटीत सूत्र असतं: डावा क्रमांक अधिक उजवा क्रमांक वजा एक. पाठ करायला दहा सेकंद लागतात आणि त्या सूत्रावर हा प्रश्न सुटतोही. मग पेपर काढणारा पुढच्या वर्षी एकूण संख्या देतो, एका बाजूचा क्रमांक देतो आणि दुसरा विचारतो. सूत्रवाला तिथं अडकतो, स्वतःला दोनदा मोजलेली मुलगी अडकणार नाही, असं मला तिच्याकडे बघताना वाटतं. बुद्धिमत्ता शिकवता येते का, ही चर्चा मी शिक्षणाच्या परिसंवादांतून पुष्कळ ऐकलीय. या वर्गात ती कुणी करत नाही. इथं चुकीच्या पर्यायाचा माग काढायचं काम चाललंय.

पण सर सूत्राचे वैरी आहेत असंही नाही. आरशातल्या घड्याळाचा प्रश्न येतो. आरशात ३ वाजून ४० मिनिटं दिसतायत, खरी वेळ कोणती? वर्ग एका सुरात: "अकरा साठमधनं वजा!" ८ वाजून २० मिनिटं. आरसा नाही, चर्चा नाही. "७२ सेकंदात आरसा कुठनं आणू?" सर मला बाजूला म्हणतात. प्रत्येक सूत्राची उकल करत बसलं तर फेब्रुवारीतली परीक्षा गाठता येत नाही, हा त्यांचा व्यवहार. कुठं थांबायचं आणि कुठं पळायचं, हेच त्यांचं खरं कसब असावं.

थांबायची जागा लगेच येते. कोपऱ्यातला एक मुलगा उभा राहतो. त्याची तक्रार आहे. परवा झाडांच्या गणितात, १०० मीटर रस्त्यावर दर ५ मीटरला झाड आणि दोन्ही टोकांना झाड, तिथं २० चे २१ केले. एक वाढवला. आज २९ चे २८ केले. एक कमी केला. "सर, कुठं वाढवायचा न् कुठं कमी करायचा हे ध्यानात कसं ठेवायचं?"

प्रश्न इतका नेमका आहे की सर खडू खाली ठेवतात. खिडकीतून शाळेचं तारेचं कुंपण दिसतं. ते नुसतं बोट दाखवतात. सगळी खोली खिडकीकडे वळते. कोपऱ्यातल्या मुलाचं घर शेतकऱ्याचं असावं, कारण उत्तर त्याला मोजावं लागत नाही. "डांब एक जादा लागतोय. गाळं एक कमी."

"मग झाडं म्हंजे कोण?"

"डांब."

"आणि पाच-पाच मीटर?"

"गाळं."

"मग मीनाच्या रांगेत?"

वर्ग गप्प. मुलगा कुंपणाकडे बघतो, फळ्याकडे बघतो. तेवढ्यात दारापाशी भिंतीला टेकून बसलेली, गणवेश नसलेली एक मुलगी बोलते. आवाज बारीक, पण ठाम. "रांगंत गाळे नाहीतच ना सर. तिथं नुसती माणसं मोजायची. एक माणूस दोनदा मोजलंय."

बोलीवरून कळतंच, ती इकडची नाही. बीडकडच्या ऊसतोड टोळीतली. खालच्या माळावर त्यांच्या खोपी आहेत. आई-बाप पहाटे फडात जातात, ती धाकट्या भावाला घेऊन इथं येते. भाऊ अंगणवाडीत, ही पाचवीत. सर तिला आदल्या पेपरांच्या पाठकोऱ्या बाजू देतात आणि ती त्यांवर गणितं सोडवते. तिच्यासमोर ओएमआर कागद नाही. परीक्षेचे फॉर्म शाळेमार्फत भरले जातात, तिचं नाव तिकडच्या पटावर, आणि तिकडं तिचा फॉर्म कुणी भरलेला नाही. "मी फोन केलता," सर म्हणतात, "पण तवर मुदत गेलती." एवढं बोलून ते ४८ व्या प्रश्नाकडे वळतात.

मागच्या दोन बाकांवरची पोरं जरा लहान दिसतात. ती चौथीची. त्यांचंही या वर्षी बसायचं ठरलंय आणि त्याला कारण आहे. ही परीक्षा पूर्वी चौथी आणि सातवीला होती. २०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला नेली. कागदावर फरक एका वर्षाचा, पण आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा चौथीला संपतात. पाचवीला मूल गाव सोडून हायस्कूलला जातं, म्हणजे ज्या गुरुजींनी चार वर्षं घडवलं त्यांच्या हातून ते परीक्षेच्या आधीच निसटतं आणि नव्या शाळेला ते ओळखीचं होईतो जानेवारी उजाडतो. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या घटली. आता शासनानं परत चौथी-सातवीचा निर्णय घेतलाय आणि २०२५-२६ हे बदलाचं वर्ष असल्यानं फेब्रुवारीत पाचवी-आठवी आणि उन्हाळ्यात चौथी-सातवी, अशा दोन्ही परीक्षा आहेत. या शाळेला पाचवीचा वर्ग आहे, म्हणून एकाच खोलीत दोन्ही तयाऱ्या. चौथीच्या पोरांना अर्ध्या गोष्टी कळत नाहीत. डांब आणि गाळे मात्र कळले, हे त्यांच्या आपसातल्या कुजबुजीवरून दिसतं. एक जण हाताच्या बोटांकडे बघून दुसऱ्याला सांगतोय, "बोटं पाच, फटी चार."

पावणेदहाला सुट्टी. व्हरांड्यात डबे उघडतात. भाकरी, लाल चटणी, कुणाकडे काल उरलेली उसळ. दोन आया डबे द्यायला आल्यात, त्या जाता जाता निकालाची चौकशी करतात. सराव पेपरचे गुण फळ्यावर नावानिशी लावायची पद्धत इथं नाही, त्यामुळे त्यांना सरांनाच विचारावं लागतं. "चाललंय हो ताई, घसरत न्हाई," एवढंच उत्तर मिळतं. एका आईला ते पुरत नाही. "पेपरात नाव येईल काय सर?" त्यांच्या डोळ्यांपुढं चौकातला फ्लेक्स आहे. गेल्या साली शेजारच्या गावातलं पोर गुणवत्ता यादीत आलं, तर शुभेच्छा देणाऱ्या पुढाऱ्यांचे फोटो पोरापेक्षा मोठे होते.

पैशाचं म्हणाल तर २०२३ मध्ये रक्कम वाढली. पाचवीच्या शिष्यवृत्तीधारकाला आता वर्षाला ५,००० रुपये, तीन वर्षं. आठवीच्याला ७,५०० रुपये, दोन वर्षं. त्याआधी ही रक्कम इतकी किरकोळ होती की बक्षीस म्हणायलाही लाज वाटावी. शिष्यवृत्ती मोजक्यांनाच मिळते. नुसतं पात्र व्हायचं तरी दोन्ही पेपरांत प्रत्येकी ४० टक्के लागतात आणि गेल्या काही वर्षांत राज्यभरातून बसलेल्या पाचवीच्या मुलांपैकी पात्र होणारी जेमतेम चौथा हिस्सा. म्हणूनच काही शाळा एक हुशारी करतात. सहामाहीचे गुण बघून निवडक पोरांचेच फॉर्म भरतात. दहा बसवले, नऊ पात्र, निकाल नव्वद टक्के. जाहिरात झोकात. उरलेली पोरं त्या तासाला मैदानावर.

इथं तसं नाही. पाचवीच्या पटावरचं प्रत्येक मूल या खोलीत आहे, वाचताना अडखळणारंही. "निकाल पडतोय की मग," मी म्हणतो.

"पडतोय," सर शांतपणे म्हणतात. "गेल्या साली केंद्रप्रमुखांनी विचारलं पण. म्हटलं, साहेब, एकोणतीसवाल्यांना बाहेर काढलं तर शिकवू कुणाला?"

परीक्षेचं शुल्क २०० रुपये, मागासवर्गीय मुलांना १२५. इथं ते गावच्या दूध संस्थेनं सगळ्यांचं भरलंय, म्हणून हा प्रश्न मिटला. सगळ्याच गावांत तो मिटत नाही, आणि शाळेनं फॉर्म आणला नाही तर पालकाला कळतही नाही की अशी परीक्षा होती.

डबे धुऊन पोरं परत आत येतात. आता पहिला पेपर, प्रथम भाषा. पिलांची नावं: शेळीचं करडू, म्हशीचं रेडकू, घोड्याचं शिंगरू. एकही हात खाली नाही. माळावरच्या मुलीचाही नाही.

वाचकहो, तुमच्या गावची शाळा जूनमध्ये सुरू झाली की एकदा तिथं जा आणि यंदा किती मुलांचे फॉर्म भरणार, ते विचारा. आकडा पटापेक्षा कमी असेल तर कारण विचारा. कारण पैसे असेल तर ते भागवता येण्याजोगे आहेत. कारण निकालाची टक्केवारी असेल तर ते ऐकून घेऊ नका. आणि गाव जर टोळ्या जाणाऱ्या मुलखातलं असेल, तर दिवाळीनंतर घरं रिकामी होण्याआधी कोणती पोरं चौथीत नि सातवीत आहेत, याची यादी करून त्यांचे फॉर्म भरून घ्या. परीक्षा परिषदेकडेही एक मागणी आहे: हंगामात ते पोर ज्या तालुक्यात असेल, तिथल्या केंद्रावर त्याला पेपर मिळावा.